टॉय हॉलर, त्याचे वजन आणि त्याचा जनरेटर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयावरची आहेत, म्हणून हे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. विषय आहे मागच्या भागात गॅरेज आणि पुढच्या भागात घर असलेला ट्रेलर, ज्याला अमेरिकेत टॉय हॉलर म्हणतात. वाळूत आणि डोंगरात चालवायच्या मोटरसायकली, एटीव्ही (हँडलने चालवायची चारचाकी) किंवा साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसने असलेली उघडी चारचाकी) गाडी मागच्या दाराच्या रॅम्पवरून आत चढवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि मुक्कामी पोचल्यावर ती बाहेर काढून त्याच जागेत छताजवळचे पलंग खाली घ्यायचे, अशी त्याची रचना असते. आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी गेल्या काही वर्षांत असे ट्रेलर घेतले आहेत, आणि त्यांना पडणारे प्रश्न मलाही एके काळी पडलेले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे आहोत, मुलगे बारा आणि पंधरा वर्षांचे. चार आसनांची साइड-बाय-साइड घेऊन झाली आहे, आता टॉय हॉलर घ्यायचा आहे. आमची हाफ-टन (म्हणजे हलक्या वर्गातली) पिकअप ११,००० पौंड ओढू शकते असे माहितीपत्रकात लिहिले आहे, आणि आवडलेल्या २८ फुटी ट्रेलरचे भरलेले कमाल वजनही ११,००० पौंडच आहे. डीलरच्या मते जोडी अगदी जुळते. आपले मत काय? सोबत पिकअपच्या दारावरच्या आणि ट्रेलरवरच्या कागदांची छायाचित्रे पाठवत आहे.
– एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : जोडी जुळत नाही, आणि ती का जुळत नाही हे तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांवरून दाखवतो. गाडी किती वजन ओढू शकते हा एक आकडा असतो आणि ती स्वतःच्या पाठीवर किती वजन वाहू शकते हा दुसरा. या दुसऱ्याला पेलोड म्हणतात, आणि हाफ-टन गाडीत बहुतेक वेळा तोच आधी संपतो. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रूपासाठी दिलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद मात्र तुमच्या नेमक्या गाडीचा असतो. प्रवासी आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जाता कामा नये, ते त्यावर छापलेले असते. तुमच्या छायाचित्रात तो आकडा १,६५० पौंड आहे.

आता बेरीज करू. तुम्ही चौघे मिळून ६०० पौंड धरा. मागच्या हौद्यात कूलर, हत्यारे आणि लाकडे ठेवाल, त्यांचे १५०. वजन विभागणाऱ्या हिचचे, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जोडणीचे, १००. एकूण ८५० झाले, म्हणजे ८०० पौंड उरले. बंपरखालच्या हिचला जोडायच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे अंतिमतः तुमच्या पिकअपवर, पडायला हवा. याला टंग वेट म्हणतात. भरलेला ट्रेलर साडेदहा हजार पौंडांचा जरी धरला आणि १३ टक्के हिशेब केला, तरी १,३६५ पौंड होतात. उरलेत ८००. म्हणजे घराच्या दारातून निघतानाच गाडीवर साडेपाचशे पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे अडीचशे किलो, जास्तीचा भार असेल, आणि तो मागच्या धुरीवर, मागच्या टायरांवर आणि ब्रेकांवर येईल.

ट्रेलरची स्वतःची बेरीजही करून पाहा. तुमच्या छायाचित्रातल्या कागदावर रिकाम्या ट्रेलरचे वजन ७,६०० पौंड आहे, म्हणजे ३,४०० पौंड सामानासाठी राहतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे असते, म्हणजे १०० गॅलनची टाकी भरली की ८३४ पौंड गेले. वाळवंटात पाणी मिळत नाही, त्यामुळे टाकी भरूनच न्यावी लागते. तुमची साइड-बाय-साइड १,८०० पौंडांची आहे. ट्रेलरच्या ३० गॅलन इंधनटाकीतले पेट्रोल गॅलनला साधारण ६ पौंड या हिशेबाने १८० पौंड. उरले ५८६. जनरेटर कारखान्यात बसवलेला नसून डीलरने नंतर बसवून दिला असेल, तर त्याचे अडीचशे-पावणेतीनशे पौंडही यातूनच वजा होतील. जे उरेल त्यात बॅटऱ्या, खुर्च्या, शेगडी, भांडी, चौघांचे कपडे आणि चार दिवसांचे अन्न बसवायचे आहे.

टॉय हॉलरची एक खोड इतर ट्रेलरांत नसते, आणि ती मी इथे मुद्दाम सविस्तर सांगतो. मागे जड गाडी येणार हे गृहीत धरून कारखाना धुऱ्यांची जागा ठरवतो. त्यामुळे गॅरेज रिकामे असताना पुढचा भार अपेक्षेपेक्षा बराच जास्त असतो, आणि गाडी चढवली की तो कमी होतो. पाण्याची टाकी पुढच्या भागात असेल आणि परतीच्या वाटेवर ती रिकामी असेल, पण मागे साइड-बाय-साइड तशीच उभी असेल, तर टंग वेट १० टक्क्यांच्या खाली घसरू शकते. अशा वेळी उतारावर किंवा मोठ्या ट्रकचा वारा लागला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि ते एकदा सुरू झाले की आवरणे कठीण जाते. म्हणून ट्रेलर पाहायला जाल तेव्हा टाकी धुरीच्या पुढे आहे, वर आहे की मागे आहे, हे वाकून बघा. विक्रेत्याला हा प्रश्न विचारल्यावर त्याला उत्तर देता आले नाही, तर स्वतः खाली वाकायला लाजू नका.

खरे उत्तर वजनकाट्यावर मिळते. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. त्यांवर पिकअपची पुढची धुरी, मागची धुरी आणि ट्रेलरच्या धुऱ्या वेगवेगळ्या तोलल्या जातात. एकदा सगळे भरून, सगळ्यांना बसवून आणि वजन विभागणारे दांडे सैल करून तोला. मग ट्रेलर सोडून फक्त पिकअप तोला. पहिल्या वेळच्या पिकअपच्या दोन धुऱ्यांच्या बेरजेतून दुसऱ्या वेळची बेरीज वजा केली की टंग वेट मिळते. अर्ध्या तासाचे हे काम आहे आणि खर्चही किरकोळ आहे.

गॅरेजची लांबी मोजपट्टीने मोजा, माहितीपत्रकावरून नको. चार आसनांची साइड-बाय-साइड सुमारे बारा फूट लांब असते. गॅरेज तेरा फुटांचे आहे असे सांगितले जाते तेव्हा त्यात कधी कपाटाखालची, कधी बाथरूमच्या दारापुढची जागाही धरलेली असते. गाडीच्या पिंजऱ्याची उंची आणि वर गुंडाळलेल्या पलंगाची खालची कड यांतले अंतरही मोजा. रॅम्पची भारक्षमता त्याच्यावरच्या पट्टीवर लिहिलेली असते, तीही पाहा. जमिनीतल्या बांधायच्या कड्या लाकडी फळीत केवळ स्क्रूने बसवलेल्या नसून खालच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने धरलेल्या आहेत ना, याची खात्री करा.

आणखी एक. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून अधिक कमाल वजनाचा असा ट्रेलर ओढायचा तर साधा क्लास सी परवाना पुरत नाही. नॉन-कमर्शियल क्लास ए परवाना लागतो, आणि त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा द्यावी लागते. ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल आहे. डीलर ही गोष्ट क्वचितच आपणहून सांगतो.

माझा सल्ला असा, की आधी पिकअप बदला. थ्री-क्वार्टर-टन किंवा वन-टन, म्हणजे वरच्या वर्गातली, पिकअप घ्या, आणि तिच्याही दारावरचा कागद वाचूनच घ्या, कारण डिझेल इंजिन स्वतः जड असल्यामुळे त्याच वर्गातल्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल गाडीचा पेलोड कमी भरतो. पिकअप बदलणे शक्य नसेल, तर चार आसनांची गाडी विकून दोन मोटरसायकली आणि वीस फुटांचा ट्रेलर हा मार्ग आहे. मुले हिरमुसतील हे मला कळते. पण ११,००० पौंडांचा ट्रेलर आणि तुमची आजची गाडी, हा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

प्रश्न : नऊ वर्षे जुना टॉय हॉलर विकत मिळतो आहे. त्यात ५,५०० वॉटचा पेट्रोल जनरेटर आहे आणि त्याच्या मीटरवर फक्त ८७ तास दिसतात. मालक म्हणतात की जवळजवळ नवाच आहे. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तो सुरू झाला, दोन-तीन मिनिटे चालला, गुरगुरत बंद पडला आणि बटणावरचा दिवा लुकलुकू लागला. घ्यावा का?
– एक वाचिका, फीनिक्स, ॲरिझोना

उत्तर : ताई, नऊ वर्षांत ८७ तास ही जनरेटरची प्रशस्ती नव्हे, ती तक्रार आहे. मोटारीच्या बाबतीत कमी मैल म्हणजे चांगले ही आपल्या डोक्यात बसलेली कल्पना जनरेटरला लागू पडत नाही. नऊ वर्षांत ६०० तास चाललेला आणि वेळेवर ऑइल बदललेला जनरेटर मी डोळे मिटून घेईन. ८७ तासांचा घेताना मात्र दहा प्रश्न विचारेन.

कारण साधे आहे. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली आर्द्रता शोषते, आणि पेट्रोल काही महिने न हलता पडून राहिले की त्यातले हलके घटक उडून जाऊन मागे चिकट, पिवळसर थर राहतो. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल जाण्याची छिद्रे सुईच्या अग्राएवढी असतात. तो थर ती छिद्रे बुजवतो. मग इंजिन कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर सुरू होते, आणि पुढचा पुरवठा अपुरा पडला की हेलकावे खात बंद पडते. तुम्ही केलेले वर्णन तंतोतंत हेच आहे. जनरेटर कोणत्या कंपनीचा आहे ते तुम्ही लिहिलेले नाही; या ट्रेलरांत बहुधा कमिन्स ओनानचे असतात. तसा असेल तर दिव्याचे लुकलुकणे मोजा. आधी तीन वेळा लुकलुकून थांबत असेल, तर बंद करायचे बटण एकदा दाबल्यावर तो दोन अंकी संकेत दाखवतो. ३६ आला तर त्याचा अर्थ, जनरेटरच्या नियंत्रकाने न सांगता इंजिन आपोआप थांबले, आणि त्याचे नेहमीचे कारण इंधन न पोचणे हेच असते.

केवळ कार्ब्युरेटरचा दोष असेल तर घाबरण्यासारखे काही नाही. तो बदलता येतो. पण तो बदलून झाल्यावर प्रकरण संपले असे समजू नका. टाकीतले सगळे जुने पेट्रोल काढावे लागेल. इंधनाचा फिल्टर बदलावा लागेल. इंधनाच्या रबरी नळ्या बोटांनी वाकवून पाहाव्या लागतील, कारण ॲरिझोनाच्या उन्हात त्यांना चिरा पडतात. चीर पडलेली नळी हवा ओढते आणि जनरेटर बंद पाडते, किंवा पेट्रोल गाळते आणि आग लावते. कप्प्यात उंदरांनी घरटे केले आहे का तेही पाहा, माझ्या पाहण्यात तसे दोनदा आले आहे.

म्हणून मालकांना सांगा की जनरेटर दुरुस्त करून घ्या, मग मी पुन्हा येते. पुन्हा जाल तेव्हा आपण पोचण्याआधी तो चालवून गरम करून ठेवू नका अशी विनंती करा, आणि पोचल्यावर आधी कप्पा उघडून इंजिनाजवळ हात नेऊन ते थंड आहे याची खात्री करा. सुरू झाल्यावर दोन मिनिटे मोकळा चालू द्या, मग एक वातानुकूलक लावा, तो स्थिरावल्यावर दुसरा लावा, आणि अर्धा तास थांबा. आतल्या प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर सोबत न्या; भार असताना दाब १२० व्होल्टच्या आसपास आणि वारंवारता ६० हर्ट्झच्या जवळ राहिली पाहिजे. या अर्ध्या तासात जनरेटर दमला नाही, तर घ्या.

घेतल्यावर मात्र त्याला महिन्यातून एकदा दोन तास चालवायचे, आणि तेही किमान अर्ध्या भारावर. कॅलेंडरवर संकष्टी पाहता ना, तशी याचीही तारीख ठरवून घ्या. नुसता मोकळा फिरवून उपयोग नाही. भार असला तरच इंजिन पुरेसे तापते, जनरेटरच्या तारांच्या गुंडाळ्यांमधला दमटपणा निघून जातो आणि काजळी साचत नाही. एक वातानुकूलक आणि पाण्याचा विजेवर चालणारा हीटर मिळून तुमच्या जनरेटरचा अर्धा भार होतो. ओनानच्या या वर्गातल्या जनरेटरला नवा असताना पहिल्या २० तासांनंतर, आणि पुढे दर १५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, ऑइल बदलायचे असते. तुमच्यासारख्यांना वर्षच आधी येईल. हवेचा फिल्टरही १५० तासांचा, पण वाळूच्या टेकड्यांत मुक्काम झाला की मी तो घरी आल्यावर लगेच काढून पाहतो. ट्रेलर दोन महिन्यांहून अधिक उभा राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे रसायन) घालून जनरेटर पंधरा-वीस मिनिटे चालवा, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल. शिळ्या पेट्रोलमध्ये ते घालून काही साधत नाही.

प्रश्न : आमच्या ट्रेलरमध्ये ४,००० वॉटचा जनरेटर आणि १५,००० बीटीयूचा एक वातानुकूलक आहे. टेक्सासमध्ये राहत होतो तेव्हा वातानुकूलक आणि मायक्रोवेव्ह दोन्ही एकत्र चालत. आता डोंगरात ९,००० फुटांवर गेलो की मायक्रोवेव्ह लावताच सगळे बंद पडते. जनरेटर बिघडला आहे का?
– एक वाचक, डेन्व्हर, कोलोराडो

उत्तर : बिघडलेला नाही, त्याला हवा कमी पडते आहे. जसजसे वर जावे तशी हवा विरळ होते, आणि पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. ९,००० फुटांवर ही घट ३१ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे तुमचा ४,००० वॉटचा जनरेटर तिथे सुमारे २,७५० वॉटचा असतो. तुमचा वातानुकूलक चालताना १,५०० ते १,८०० वॉट घेतो, मायक्रोवेव्ह साधारण दीड हजार. बेरीज तुम्हीच करा. शिवाय वातानुकूलकाचा कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या क्षणी चालण्याच्या जवळपास दुप्पट ओढ घेतो, आणि ती ओढ मायक्रोवेव्ह चालू असताना आली की जनरेटर मान टाकतो.

उपाय तीन आहेत. अनेक जनरेटरांच्या कार्ब्युरेटरवर उंचीची खूण असलेली लहानशी खुंटी असते. वर गेल्यावर ती त्या उंचीवर फिरवायची आणि खाली आल्यावर न विसरता परत आणायची, कारण डोंगराच्या खुणेवर ठेवून सपाटीला चालवले तर मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापते. दुसरा उपाय वातानुकूलकाला सॉफ्ट स्टार्ट बसवण्याचा. त्याने कॉम्प्रेसर हळूहळू सुरू होतो आणि ती क्षणिक ओढ बरीच कमी होते. चहा गरम करण्यापुरता वातानुकूलक बंद ठेवणे हा तिसरा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि ९,००० फुटांवर तो फारसा जाचू नये.

काही वाचक बसवलेल्या जनरेटरऐवजी दोन छोटे इन्व्हर्टर जनरेटर जोडून वापरतात, त्यांच्यासाठी एक सूचना. होंडाच्या ईयू२२००आय या जनरेटरची कमाल क्षमता २,२०० वॉट असली तरी सतत चालण्याची १,८०० वॉटच आहे, आणि हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करायचा. अशा जनरेटरांत न्यूट्रल आणि अर्थ आत जोडलेले नसतात. त्यामुळे ट्रेलरच्या दाराशी लावलेले विजेचे संरक्षक यंत्र दोष दाखवून वीज आत घेत नाही, आणि लोक जनरेटर दुकानात परत नेतात. जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडणारा प्लग लावला की काम होते.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. थँक्सगिव्हिंगला त्यांना इम्पीरियल सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांवर न्यायचा विचार आहे. पुढच्या खोलीत आम्ही झोपतो, म्हणून त्यांची सोय मागच्या गॅरेजमधल्या खाली येणाऱ्या पलंगावर करणार आहोत. बाबांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारे) यंत्र लागते, त्यामुळे जनरेटर रात्रभर चालू ठेवावा लागेल. थंडीही असते. काही काळजी घ्यावी का?
– एक वाचक, सॅन डिएगो, कॅलिफोर्निया

उत्तर : आपले पत्र वाचून मी लगेच खाजगी उत्तर पाठवले होते, पण हा प्रश्न अनेकांच्या घरात उद्या उभा राहणार आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. दोन गोष्टी बदला. आई-बाबांना पुढची खोली द्या आणि तुम्ही मागे झोपा. आणि रात्री जनरेटर बंद ठेवा. यात कसलाही अपवाद करू नका.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे त्याला धरते, आणि म्हणून माणूस श्वास घेत असतानाच त्याचे शरीर गुदमरते. जागेपणी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, आणि दिवसभरच्या उन्हाने झाले असेल असे वाटून माणूस पडून राहतो. झोपेत तर एवढेही कळत नाही. वयस्कर माणसे आणि हृदयाचा त्रास असणारे यात आधी सापडतात. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्या टेकड्यांवर वर्षातली सर्वांत मोठी गर्दी असते, ट्रेलर एकमेकांना लागून उभे असतात, तेव्हा धूर तुमच्याच जनरेटरचा असायला हवा असेही नाही. शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर आपल्या उघड्या खिडकीकडे येत असेल, तर जाऊन नम्रपणे सांगा किंवा आपला ट्रेलर हलवा. संध्याकाळी मागचा रॅम्प आडवा करून त्यावर खुर्च्या टाकून बसण्याची पद्धत आहे. पण जनरेटर चालू असेल तर रॅम्प असा उघडून बसू नका, कारण ट्रेलरच्या मागे वारा भोवरा घालतो आणि धूर त्याच दारातून आत ओढला जातो. सुटा जनरेटर असेल तर तो दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, धुराचे तोंड पलीकडे करून ठेवायचा.

कार्बन मोनॉक्साइडचा सूचक उलटा करून त्याच्या पाठीवरची तारीख आजच वाचा. या सूचकांचे आयुष्य सामान्यतः पाच ते सात वर्षांचे असते; त्यानंतर बटण दाबल्यावर तो वाजला तरी त्याचा अर्थ फक्त भोंगा चालतो एवढाच. मी माझ्या ट्रेलरमध्ये गॅरेजसाठी एक आणि पुढच्या खोलीसाठी एक असे दोन ठेवतो.

आता बाबांच्या सीपॅपबद्दल. त्याला जनरेटर लागतच नाही. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर अशी यंत्रे साधारण ३० ते ६० वॉट घेतात. आठ तासांत हे फार तर ४८० वॉट-तास होतात. १०० अँपिअर-तासांच्या एका लिथियम बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास असतात. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असते, म्हणजे सहाशेच्या आसपास. तीही एका रात्रीला पुरते, पण त्याच बॅटरीवर ट्रेलर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखाही चालतो आणि तो चालू असताना शंभर वॉटच्या आसपास घेतो. म्हणून दोन बॅटऱ्या असू द्या. सीपॅपच्या कंपनीकडून १२ व्होल्टचा अडॅप्टर मागवा, घरीच एक रात्र बॅटरीवर चालवून पाहा आणि सकाळी बॅटरीचा दाब मोजा. म्हणजे वाळवंटात पहिल्या रात्री बाबांना धाकधूक राहणार नाही. बॅटऱ्या दिवसा जनरेटर चालवून भरून घ्या.

पेट्रोलची वाफ हा मागच्या खोलीचा वेगळा प्रश्न आहे. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते, आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची किंवा पाण्याच्या हीटरची ज्योत तिला पेटवू शकते. गॅरेजच्या भिंतीत खाली ज्या झडपा असतात, त्यांतून थंड वारा येतो म्हणून कुणी त्यांना चिंध्या कोंबतो. असे कधीही करू नका, त्या याचसाठी ठेवलेल्या असतात. मोटरसायकली बाहेर काढा, पेट्रोलचे डबे बाहेर न्या, सांडलेले पेट्रोल-ऑइल साबणाने पुसा, रॅम्प आणि खिडक्या उघडून तास-दोन तास पंखा लावा, मगच पलंग खाली घ्या. त्यानंतरही वास येत असेल तर तिथे कुणी झोपायचे नाही. ट्रेलरच्या पंपाने गाड्यांत पेट्रोल भरताना प्रोपेनची झडप आणि जनरेटर दोन्ही बंद असले पाहिजेत.

जाण्यापूर्वी परवाना काढायला विसरू नका. तिथे १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल या हंगामात तो लागतो. आणि आईंना सूर्यास्ताच्या वेळी एखाद्या उंच टेकडीवर जरूर न्या.

प्रश्न : हिवाळ्यात ट्रेलर चार-पाच महिने उभा राहतो. टायरांवरची नक्षी अजून नव्यासारखी आहे. वसंतात निघण्यापूर्वी काय पाहावे?
– एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत गुलाबी रंगाचे आरव्ही अँटीफ्रीझ (नळ्या गोठू न देणारा द्रव) भरणे, बॅटऱ्या काढून ठेवणे, छतावरच्या सांध्यांचे सीलंट पाहणे, हे आपण करत असालच. सीलंट मात्र वर्षातून एकदा पाहून भागत नाही. दर तीन महिन्यांनी शिडी लावून चढा, आणि केसाएवढी फट दिसली तरी त्याच दिवशी भरा.

टायरांबद्दल मी नक्षीवर जाऊ नका असे सांगेन. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते; तिचे शेवटचे चार अंक वाचा. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झालेला आहे. हे अंक बऱ्याचदा आतल्या बाजूला असतात, त्यामुळे ट्रेलरखाली झोपून टॉर्चने पाहावे लागते. मी माझा पहिला ट्रेलर जुना घेतला तेव्हा विकणाऱ्याने टायर नवेच आहेत असे सांगितले, नक्षी खोल होती, आणि मी खाली झोपलो नाही. ब्लाइथच्या अलीकडे आय-१० महामार्गावर उजव्या बाजूचा मागचा टायर फुटला. त्याच्या सुटलेल्या पट्ट्याने चाकावरचा पत्रा फाडला, पाण्याची नळी तोडली आणि स्वयंपाकघरातली खालची दोन कपाटे फळ्यांसकट उचकटली. फाटलेल्या टायरवरचे अंक पाहिले, तो सात वर्षांचा होता.

आता मी पाच वर्षे पूर्ण झाली की चारही टायर बदलतो, मग नक्षी कशीही दिसो. हवा सकाळी, चाके ऊन लागून तापण्याआधी, टायरवर लिहिलेल्या दाबापर्यंत भरतो. चाकांचे बेअरिंग वर्षातून एकदा उघडून ग्रीस भरून घेतो, आणि वेगाची वेगळी खूण नसलेले ट्रेलर-टायर ताशी ६५ मैलांसाठी बनवलेले असतात हे लक्षात ठेवून गाडी चालवतो. आपणही चाके काढून पुन्हा बसवली असतील, तर निघाल्यावर पहिल्या ५० मैलांनी थांबून टॉर्क रेंचने प्रत्येक नट पुन्हा तपासा. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट तेवढ्या अंतरात सैल झालेले मी स्वतःच्या हाताने पुन्हा आवळले आहेत.